चौदा सुयांचे डॉक्टर

आधी माफी मागतो. आपल्या मंडळाच्या वार्षिक अंकात लिहिणारी माणसं वाचलेली, फिरलेली असतात. माझं मराठी घरातलं आहे. शाळा हिंदीत झाली, कॉलेज इंग्रजीत चालू आहे. मराठीत मी आजवर लिहिलेला सगळ्यात लांब मजकूर म्हणजे गावी आजोबांना पाठवलेलं पत्र, आणि तेही आई सांगत गेली तसं. हे लिहितानाही चार-पाच शब्द तिला विचारावे लागले. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना मी जेमतेम दीड महिना ओळखत होतो आणि त्यातला बराचसा वेळ मी त्यांच्यावर वैतागलेलो होतो. अशा मुलानं त्यांच्याबद्दल लिहायला बसू नये हे मला कळतं. पण दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही, म्हणून मी बसलो आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

ते जनावरांचे डॉक्टर होते. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, रीतसर डिग्रीवाले. पण ते सुया टोचायचे. इंजेक्शनच्या नाही, केसासारख्या बारीक सुया, ज्यांच्यात औषध नसतं. गाईला, म्हशीला, कुत्र्याला, एकदा म्हणे एका बदकाला. सुया पाठीवर, पायाच्या बोटांच्या मध्ये, शेपटाच्या टोकाला टोचायच्या, वीस मिनिटं ठेवायच्या आणि काढायच्या. नोकरीत असताना कुठल्याशा प्रशिक्षणात ते हे शिकले आणि मग त्यांनी दुसरं काही केलं नाही. त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक ठिपके होते. नवीन सुई आधी स्वतःला टोचून बघायची, हा त्यांचा नियम. ते उत्तर दिल्लीत हिंदूरावच्या टेकडीवर राहायचे, तिथून आमच्याकडे येताना बसमध्येच ते गुडघ्यात दोन सुया खुपसून बसायचे. एकदा कंडक्टरनं त्यांना खाली उतरवलं होतं. हे त्यांनी स्वतः सांगितलं, आणि वर म्हणाले, "त्याच्या यकृतात उष्णता होती. चेहऱ्यावरूनच कळत होतं."

आमच्याकडे ते आले जिमीमुळे.

बाबा एका मंत्रालयात दफ्तरी होते. म्हणजे फायली लावणं, बांधणं, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोचवणं. आठवीपर्यंत शिकलेत, आई चौथीपर्यंत. त्यामुळे मी बी.एस्सी.ला, तेही प्राणिशास्त्राला, ही आमच्या घरातली मोठी गोष्ट. लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये माझ्या टेबलाला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. ही बंदी मी घातली नव्हती, आईनं ठरवून टाकलं होतं.

बाबांच्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी आपला कुत्रा बाबांना दिला. पांढऱ्या झुबकेदार केसांचा पॉमेरियन, नाव जिमी. साहेबांची मुलगी स्टेशनवर रडत होती आणि बाबांनी तिला सांगितलं, "बेटा, मैं इसका पूरा ध्यान रखूँगा." बाबा दिलेला शब्द फाइलीसारखा बांधून ठेवतात. दीड वर्ष सगळं ठीक चाललं. मग एका सकाळी जिमी जिन्यावरून पडला आणि मागचे दोन्ही पाय गेले. फरशीवर तो पुढच्या दोन पायांनी मागचं अंग ओढत चालायचा. आईनं एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बघितली आणि खाली ठेवली. ज्या दवाखान्यात नेलं तिथले डॉक्टर चांगले होते. त्यांनी गोळ्या दिल्या, पिंजऱ्यात ठेवून पूर्ण विश्रांती द्यायला सांगितलं. पायाला चिमटा काढून बघितला तर जिमीला काही कळत नव्हतं. ते म्हणाले, महिनाभर बघा, पायात जाणीव आली नाही तर झोपेचं इंजेक्शन देऊन सोडवा त्याला.

बाबा म्हणाले, "महिना म्हणजे महिना. तोवर जे करता येईल ते करू."

त्यांच्या ऑफिसातले सक्सेनाजी गाझियाबादहून यायचे. त्यांच्या घरी गाय आहे. ती व्यायल्यावर उठत नव्हती आणि या डॉक्टरांनी तिला उठवली होती. सक्सेनाजींनी पत्ता लिहून दिला आणि सांगितलं, "इलाज अच्छा है, आदमी टेढ़ा है. और हाँ, हैं आप ही के मराठी."

पहिल्या दिवशी ते दहाच्या ऐवजी बाराला आले. खांद्यावर कापडी पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, अंगात फुल बाहीचं स्वेटर, आणि एप्रिल चालू होता. जिमीकडे त्यांनी बघितलंही नाही. त्याच्याकडे पाठ करून फरशीवर बसले आणि आईकडे चहा मागितला. मी म्हणालो, "पेशंट इकडे आहे."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "त्याला माहीत नाही मी कोण. त्याला आधी बघू दे."

अर्धा तास जिमीनं त्यांच्या पाठीकडे बघितलं. मग उघड्या ठेवलेल्या पिंजऱ्यातून फरपटत गेला आणि त्यांच्या बुटाचा वास घेतला. तेव्हा कुठे ते वळले. त्यांनी जिमीची जीभ बघितली, मांडीच्या आतून नाडी बघितली. मग बाबांना म्हणाले, "आता तुम्ही जीभ दाखवा."

बाबांनी दाखवली. सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस, कुणी अधिकारानं सांगितलं की करतो. मग आईनं दाखवली. माझ्याकडे बघितल्यावर मी म्हणालो, "मला काही झालेलं नाही."

"तू काय करतोस?"

"बी.एस्सी. झूऑलॉजी."

"अच्छा. प्रोफेसर आहेत घरात," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून मी प्रोफेसर झालो. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

माझं म्हणणं साधं होतं. मी त्यांना विचारलं की सुईनं नेमकं काय होतं? नसेला काय होतं? त्याचा पुरावा काय? मी उद्धटपणे नव्हतं विचारलं, मला खरंच समजून घ्यायचं होतं. कॉलेजात आम्हाला हेच शिकवतात. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "अंगाला विसर पडतो. आपण आठवण करून द्यायची." हे उत्तर आहे का? मी परत विचारलं. ते म्हणाले, "तू केळं खाऊन वर दूध पितोस, होय ना?" मी पीत होतो. पण त्याचा इथे काय संबंध?

आईला मात्र सगळा संबंध दिसला. जिमीच्या जेवणातून त्यांनी चिकन काढलं, ते उष्ण म्हणून. आणि मुगाची खिचडी, दुधी, थोडा लाल भोपळा सांगितला. आई लगेच म्हणाली, "आणि ताक?" ते म्हणाले, "सकाळी. संध्याकाळी नको, कफ होईल." आई म्हणाली, "मी तेच म्हणणार होते." दोघं असं बोलत होते जणू एकाच वर्गात शिकलेत. मी वर्षभर ज्या घरात पचनसंस्थेच्या आकृत्या काढत होतो त्या घरात माझ्या आईला कुत्र्याच्या पोटाबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, असं बाहेरून येऊन कुणी सांगावं हे मला सहन होत नव्हतं. आज लिहिताना लाज वाटते, पण तसं वाटत होतं खरं.

एक मात्र सांगायला हवं. दवाखान्याच्या गोळ्या त्यांनी बंद करू दिल्या नाहीत. मी मुद्दाम विचारलं तेव्हा म्हणाले, "का बंद करायच्या? त्या डॉक्टरनं हात लावून दिल्यात. मी नसताना तूही पिंजऱ्याबाहेर काढू नकोस त्याला." ते कुणाला नावं ठेवत नव्हते. त्यामुळे त्यांच्यावर धड चिडताही येत नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त चीड यायची.

दर आठवड्याला दोनदा ते यायचे, आणि दर वेळी उशिरा. वाटेत एखादं जनावर दिसलं की हा माणूस थांबणारच. एकदा माझी प्रॅक्टिकलची तयारी राहिली होती, म्हणून मी स्वतः त्यांना आणायला बसस्टॉपवर गेलो. येताना मार्केटच्या वळणावर भर रस्त्यात एक सांड बसला होता. दिल्लीत तो बसतोच, गाड्या त्याला वळसा घालून जातात. डॉक्टर थांबले. म्हणाले, "हा आरामात बसलेला नाही. याला उठता येत नाहीये." आणि सुयांचा डबा काढून रस्त्यात मांडी घालून बसले.

मी त्यांची पिशवी धरून उभा. दोन्ही बाजूंनी हॉर्न. ट्रॅफिकचा हवालदार आला.

"ओ ताऊ, ये क्या चल रहा है?"

"आप दो मिनट चुप रहेंगे?" डॉक्टर वर न बघता म्हणाले. "ये डर जाएगा."

मला वाटलं आता आम्ही दोघं चौकीत जाणार. पण हवालदार खरंच गप्प राहिला. मग हळूच वाकून म्हणाला, "डॉक्टर हो? मेरी भैंस है गाँव में, दूध उतारती नहीं." डॉक्टर म्हणाले, "जीभ दिखाइए." "भैंस की?" "आपकी." हवालदारानं रस्त्याच्या मधोमध, टोपी काढून, जीभ दाखवली. नेमकी त्याच वेळी माझ्या वर्गातली दोन मुलं स्कूटरवरून गेली. पुढे महिनाभर कॉलेजच्या कँटीनमध्ये मला बघितलं की ती दोघं जीभ बाहेर काढायची.

सांड पाऊण तासानं उठला. सुयांमुळे उठला की हॉर्नला कंटाळून उठला, ते मी सांगू शकत नाही.

आमच्या घरी त्यांची आणखी एक पद्धत होती, दवण्याची. दवण्याच्या जातीतलं एक झाड ते आपल्या गच्चीवर लावायचे, त्याची पानं वाळवून कुटून विडीसारखी सुरळी करायचे, ती पेटवायची आणि जिमीच्या पाठीजवळ, न टेकवता, धरायची. सगळं घर धुरानं भरायचं. वरच्या मजल्यावरच्या भाभीजी खाली येऊन विचारून गेल्या, "कुछ जल रहा है क्या?" आणि मी त्यांना काय सांगणार? आई मात्र दारात उभी राहून तो वास घेत राहायची. लग्न होऊन दिल्लीला आल्यापासून तिनं दवणा बघितला नव्हता. "गावच्या देवळात असाच यायचा," एवढंच म्हणाली. डॉक्टरांनी पुढच्या वेळी तिच्यासाठी कुंडीत रोप आणलं. तीन बस बदलून, मांडीवर कुंडी घेऊन.

आता सुया मोजण्याबद्दल. माझी मुख्य तक्रार याचबद्दल होती.

किती सुया टोचल्या हे ते स्वतः मोजत नसत. ते घरच्या माणसानं मोजायचं. दुसरा कुठलाही डॉक्टर असं करत असेल असं मला वाटत नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माझं लक्ष बोटाच्या टोकाशी असतं. मोजायला लागलो की ते आकड्यात जातं आणि सुई चुकते. तू बघतोयसच, तू मोज." मोजायचं मनात, आवाज न करता, कारण जनावर दचकतं. सगळ्या लावून झाल्या की ते विचारायचे, "किती?" आपण आकडा सांगायचा. वीस मिनिटांनी काढायला लागले की एकेक मोठ्यानं मोजायचे आणि आपल्या आकड्याशी जुळलं की डबा बंद. घरचा माणूस जो आकडा सांगेल तो शेवटचा. आई एकदा म्हणाली, "डॉक्टरसाहेब, चुकला तर तो?" ते म्हणाले, "वहिनी, घरचा माणूस कशाला चुकेल? त्याचं जनावर आहे." ते असंच सगळं ऐकायचे. आई म्हणाली की आज जिमीचा डोळा उतरलेला आहे, तर एक्स-रे बाजूला ठेवून ते डोळा बघायचे.

हे काम अर्थातच माझ्याकडे आलं. कॉलेजात जाणारा घरात मी एकटा. बाबा अभिमानानं म्हणाले, "हा मोजेल." तेव्हापासून दर बुधवारी आणि रविवारी, हातातलं पुस्तक ठेवून, मी एक कुत्रा, एक म्हातारा आणि त्याची बोटं बघत बसायचो. दर वेळी चौदा. पाठीवर आठ, पायांना चार, शेपटाला दोन. मी एकदा म्हणालो, "रोज चौदाच असतात, मग मोजायचं कशाला?" ते म्हणाले, "रोज चौदा असतात, म्हणूनच." मला हे बोलणं असह्य व्हायचं.

महिना संपायला सहा दिवस उरले होते. जिमीत फरक नव्हता. बाबा रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी त्याच्या पायाला चिमटा काढून बघायचे आणि रोज कॅलेंडरसमोर, काही न लिहिता, उभे राहायचे. साहेबांच्या मुलीचं पत्र आलं होतं, जिमी कसा आहे विचारणारं. त्याला उत्तर गेलं नव्हतं.

रविवार होता. सोमवारी माझा पेपर. डॉक्टर साडेबाराला आले, पाठ करून बसले, चहा प्यायले. मी मांडीवर नोट्स ठेवून बसलो. खरं सांगायचं तर मी त्या दिवशी मोजलंच नाही. एकही नाही. मी माशांच्या कल्ल्यांबद्दल वाचत होतो. त्यांनी विचारलं, "किती?" आणि मी मान वर न करता सांगितलं, "चौदा."

वीस मिनिटांनी त्यांनी काढल्या. "बारा, तेरा, चौदा." डबा बंद केला, पिशवी खांद्याला लावली आणि गेले.

चार वाजता ते परत दारात. घामानं स्वेटर पाठीला चिकटलेलं. घरी जाऊन सुया उकळताना त्यांना डब्यात एक कमी दिसली होती, आणि तसेच उलट पावली निघाले होते. दारातूनच म्हणाले, "जो जिथे आहे तिथेच थांबा. वहिनी, पाय वर घ्या."

आई पलंगावर पाय घेऊन बसली. बाबा दारात उभे राहिले. डॉक्टर गुडघ्यांवर टेकून जिमीच्या गोधडीच्या प्रत्येक घडीवरून हात फिरवत सुई शोधायला लागले. मग जिमीच्या केसांत. जवळजवळ पाऊण तास. मांडीच्या मागे, दाट केसांत, सुई वाकून आत शिरलेली सापडली. त्यांनी ती ओढली आणि जिमी कळवळून ओरडला, आणि त्यानं पाय आखडून घेतला.

पाय. मागचा. महिन्यात पहिल्यांदा.

"ओढला," बाबा म्हणाले. "पाय ओढला त्यानं. बघितलंत?" त्यांनी खाली बसून जिमीचं डोकं दोन्ही हातांत धरलं. आई डोळे पुसायला लागली. ऑफिसातून बदली होऊन गेलेल्या साहेबांच्या मुलीला त्याच संध्याकाळी पत्र लिहायचं ठरलं.

डॉक्टर त्या आनंदात नव्हते. सुई तळहातावर घेऊन ते माझ्यासमोर आले.

"प्रोफेसर, तू किती सांगितल्या होत्यास?"

"चौदा."

"मोजल्या होत्यास?"

बाबा तिथेच होते. आई तिथेच होती. मी म्हणालो, "हो. चौदाच होत्या. ही तुम्ही नंतर लावली असेल. मला विचारून झाल्यावर."

ते सुईकडे बघत राहिले. "मांडीच्या मागे एक जास्तीची लावली होती आज. ती आठवते मला," ते म्हणाले. "कधी लावली ते आठवत नाही." मग म्हणाले, "असेल. तू मोजत होतास. तसंच असेल." आणि बाबांकडे वळून त्यांनी हात जोडले. "माझी चूक झाली. जनावराला इजा झाली. माफ करा."

"अहो, माफी कसली," बाबा म्हणाले. "तुमच्यामुळे पाय हलला."

मी स्वतःला सांगितलं की नुकसान तर काहीच झालं नाही, उलट झालं ते चांगलंच झालं. सोमवारचा पेपरही बरा गेला.

त्यानंतर ते चारदा आले. आता मोजायला ते मला सांगत नसत. स्वतः मोजायचे, ओठ हलवत, आणि आकडा पेनानं तळहातावर लिहायचे. लावून झाल्यावर परत पहिल्यापासून मोजायचे. काढताना दोनदा. एकदा तर शेवटची सुई काढल्यावर त्यांनी जिमीच्या अंगावरून तीन वेळा हात फिरवला आणि आईला म्हणाले, "वहिनी, तुम्हीही एकदा बघा बरं." वीस मिनिटांचं काम तासावर गेलं. बोटं पूर्वीसारखी चालत नव्हती. सुई धरून ते थांबायचे, आधी तळहाताकडे बघायचे, मग टोचायचे. मी दुसऱ्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचो आणि मनात म्हणायचो, किती वेळ लावतात.

चौथ्या वेळी जिमी उभा राहिला. वाकडा, एका कुशीला कललेला, पण चार पायांवर. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, विश्रांतीनं काही जण असे बरे होतात. ते म्हणत असतील ते खरंही असेल. मला आजही माहीत नाही.

"आता माझं काम नाही," आमचे डॉक्टर म्हणाले. दवण्याच्या वाळलेल्या पानांची एक पुडी आईला दिली, बाबांच्या खांद्यावर थाप मारली आणि मला म्हणाले, "केळ्यावर दूध पिऊ नकोस." मला सुटल्यासारखं वाटलं. जिमी बरा झाला म्हणून ते यायचे थांबले, असंच आम्ही सगळे समजलो. दिवाळीला आईनं फराळाचा डबा घेऊन मला हिंदूरावला पाठवायचं म्हटलं, तेव्हा मी परीक्षा आहे म्हणून टाळलं. पुढच्या दिवाळीलाही टाळलं.

या मार्चमध्ये बाबा रिटायर झाले. ऑफिसात छोटा समारंभ होता. समोसे, गुलाबजाम, बाबांच्या गळ्यात झेंडूचा हार. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मंत्रालयात बदलून गेलेले सक्सेनाजी मुद्दाम आले होते. ते बाबांच्या शेजारी बसले होते आणि बोलता बोलता म्हणाले, "वो आपके सुई वाले डॉक्टर गुज़र गए. सर्दियों में. ग्वालियर में, अपनी बहन के यहाँ."

बाबांनी हातातली प्लेट खाली ठेवली. "हमें तो पता ही नहीं चला."

"किसको पता चलता. काम तो उन्होंने आपका कुत्ता ठीक करके ही छोड़ दिया था." सक्सेनाजींची कालवड त्याच उन्हाळ्यात बसली होती. ते डॉक्टरांना न्यायला हिंदूरावला गेले होते. डॉक्टरांनी डबा उघडलाही नाही. "बोले, सक्सेनाजी, लक्ष्मीबाई नगर में एक घर में मुझसे सुई छूट गई. लड़का पढ़ा-लिखा है, उसने ठीक गिनी थी. मैंने बाद में लगाई और मुझे याद ही नहीं रहा. अब इस हाथ को किसी जानवर पर नहीं रखूँगा. मैंने बहुत कहा. नहीं माने."

"और बछिया?" बाबांनी विचारलं.

"बछिया नहीं उठी." सक्सेनाजींनी माझ्याकडे बघितलं. "यही लड़का था ना?"

बाबांनी हाराची फुलं सावरली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हाँ, यही," ते म्हणाले. "गिनने का काम इसी का था."